चालकाला वेळ द्या

आई गेली त्याच आठवड्यात नंबर प्लेट आली. तपकिरी पाकिटात दोन नग: एक गाडीच्या पुढे लावायचा, एक मागे. या प्लेटसाठी आई दोन वर्षं राजधानीच्या खेपा घालत होती. त्यामुळे पोस्टमननं दार वाजवून पाकीट हातात दिलं तेव्हा माझ्या तोंडून "आई, आली गं!" असं निघून गेलं. पोस्टमननं टोपी काढली. मग आम्ही दोघंही थोडा वेळ दारातच उभे राहिलो, कारण पुढे काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. इंजेक्शन दिलेली माणसं बाहेर येऊन मला सांगतात की आपला गाल जागेवर आहे की नाही तेच कळत नाहीये. मी म्हणते, येईल दोन तासांत, तोवर गरम काही पिऊ नका. त्या आठवड्यात माझं सगळंच तसं बधिर झालं होतं आणि मला सांगायला काउंटरवर कुणी नव्हतं.

आमच्या राज्यात प्लेटांची कमी नाही. ट्राउट माशाच्या चाहत्यांसाठी वेगळी नंबर प्लेट आहे. बॅगपाइप वाजवणाऱ्यांसाठी आहे. रानटर्की वाचवणाऱ्यांसाठी एक आहे आणि रानटर्की मारणाऱ्यांसाठी दुसरी. पण गाडी चालवणाऱ्याला बोललेलं कळायला जरा वेळ लागतो, तेव्हा त्याला थांबवलंत तर घाई करू नका, हे पोलिसाला सांगणारी प्लेट नव्हती. या सगळ्या प्लेटा तुरुंगात बनतात, कैदी बनवतात. म्हणजे माझ्या भावाला पुन्हा बेड्या पडू नयेत म्हणून जी प्लेट हवी होती, ती बेड्या पडलेल्या माणसांनीच बनवायची होती. आईला हे फार योग्य वाटायचं. ती म्हणायची, "त्यांना विषय माहीत आहे."

माझा भाऊ मायलो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. डॉक्टरांच्या भाषेत त्याला बौद्धिक अपंगत्व आहे, घरच्या भाषेत तो मायलो आहे. कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात तो पोती शिवतो. गाडीची परीक्षा त्यानं इतक्या वेळा दिली की मधल्या मधे एक परीक्षक निवृत्त झाला. शेवटी पास झाला तो असा, की आख्ख्या डेल्बी गावात वाहतुकीचा प्रत्येक नियम पाळणारा एकच माणूस आहे. बाकीचे आपण चालवतो तसे चालवतात.

दोन वर्षांपूर्वी डेप्युटी प्रुइटनं त्याला मोठ्या रस्त्यावर थांबवलं. गुन्हा काय, तर तो हळू चालला होता. आईनं मायलोला शिकवून ठेवलं होतं: पोलिसानं थांबवलं की दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि मी येईपर्यंत हलायचं नाही. प्रुइट म्हणाला, लायसन्स दाखव. मायलो म्हणाला, आई आल्यावर. प्रुइट म्हणाला, हात काढ. मायलोनं आणखी घट्ट धरले. आई पोचली तेव्हा मायलो रस्त्यावर पालथा होता, हात पाठीमागे बांधलेले, आणि प्रुइट त्याच्या पाठीवर गुडघा टेकवून त्याच्या मुठींतून स्टिअरिंगचं कव्हर ओढून काढत होता, कारण ते मायलोच्या हातांबरोबर निघून आलं होतं.

तेव्हापासून आई आणि राजधानी. आईला एवढंच हवं होतं की नंबराच्या शेवटी एक अक्षर असावं, फक्त पोलिसांना कळेल असं. पण तिथे समिती बसली. समितीतला एक मिशावाला म्हणाला, मग जनतेला काय फायदा? म्हणून मग प्लेटवर पिवळा पतंग आला आणि पतंगाखाली मोठ्या निळ्या अक्षरांत ओळ आली: चालकाला वेळ द्या.

मायलोनं दोन्ही प्लेटा स्वतः बसवल्या. नंतर दूर जाऊन बघितलं.

"पतंग का?" तो म्हणाला.

"समिती," मी म्हटलं.

त्याला पटलं.

अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी लीलंडमामा कॅन्सस सिटीहून आला. आईचा, म्हणजे आर्लीनचा, एकुलता भाऊ. विमा विकतो, त्यामुळे त्याला जिथे तिथे अपघात दिसतो. मायलोचा पिकअप ट्रक मूळ मामाचा, कागदावर अजूनही त्याच्याच नावानं. मामानं ओव्हरकोट काढायच्या आधीच विषय काढला.

"जॅनेल, मी ट्रक घेऊन जातोय. आर्लीन होती तोवर ठीक होतं."

"मामा, त्याला कामावर जायचं असतं."

"तू सोड त्याला."

"त्याची पाळी पहाटे असते."

"मग लवकर उठ! तुझ्या वयात मी—"

"माझ्या वयात तू दुपारी उठायचास, आई सांगायची."

मायलो टेबलापाशी बसून सगळं ऐकत होता. त्याच्यासमोर शेजाऱ्यांनी पाठवलेले बटाट्याचे तीन ट्रे होते, चीज घालून भाजलेले. आमच्याकडे कुणी मेलं की बटाटे येतात. मायलो तिन्हींतला एकेक घास घेऊन बघत होता.

"मी नीट चालवतो," तो म्हणाला.

"नीट चालवतोस रे बाबा," मामा म्हणाला, "पण काही झालं तर कोण धावणार? आता आई नाही."

हे खरंच होतं.  मला तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. मी बटाटे फ्रिजमध्ये ठेवले.

शेवटी सौदा मीच मांडला. उद्या मायलो चर्चपासून कब्रस्तानापर्यंत स्वतः ट्रक चालवेल, शववाहिकेच्या बरोब्बर मागे. काही झालं नाही तर ट्रक त्याचा. झालं तर किल्ली मामाकडे.

"काहीही झालं तर," मामा म्हणाला.

"काहीही झालं तर," मायलो म्हणाला आणि हात पुढे केला. मामाला तो हातात घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर व्हॉसलर गाड्या लावत होते. डेल्बीतल्या सगळ्या अंत्ययात्रा व्हॉसलरच नेतात. त्यांनी प्रत्येक गाडीच्या खिडकीत जांभळा झेंडा अडकवला, दिवे लावायला सांगितले आणि तेच वाक्य सगळ्यांना म्हणून दाखवलं: पुढच्याच्या मागोमाग चला, मधे कुठेही थांबू नका, अंत्ययात्रेला वाट मोकळी असते. मग ते आमच्या ट्रकपाशी आले. पुढची प्लेट वाचली. पतंग पाहिला. आणि खिडकीत वाकून, बोगद्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागले.

"मायलो. तू. फक्त. आईच्या. मागे. ये. हं?"

"मधे ‘थांबा’चा फलक आला तर?" मायलोनं विचारलं.

"तू. फक्त. मागे. ये."

"एवढं हळू का बोलताय? तुम्हाला बरं नाहीये का?"

व्हॉसलरनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. प्रश्न तसाच राहिला. मी शेजारी बसले होते, मी उत्तर देऊ शकले असते. पण मी समोरच्या शववाहिकेच्या मागच्या काचेकडे बघत होते. काच इतकी स्वच्छ होती की आईनं विचारलं असतं, काय लावता हो पुसायला?

निघालो. पुढे आई, मग आम्ही, मग मामाची ब्यूक गाडी, मग बाकीचं गाव.

धान्याच्या कोठारापाशी चौक आहे. तिथे चारी बाजूंना ‘थांबा’ लिहिलंय. नियम सोपा: जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. पण आमच्या भागात तो नियम कुणी पाळत नाही, कारण सगळे सभ्य आहेत. चौघं येतात, चौघंही एकमेकांना हात दाखवतात, जा जा, तुम्ही जा, छे छे, तुम्ही. मग दोघं एकदम निघतात, एकदम थांबतात, आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी तिन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या होत्याच. डावीकडे ऑर्विल स्टँकी ट्रॅक्टरवर, टोपी छातीशी धरून. समोर बीमबाई तिच्या फिकट गाडीत, मान खाली. उजवीकडे पावाची व्हॅन. शववाहिका मधून सरळ निघून गेली.

मायलो फलकापाशी आला आणि थांबला.

"मायलो, चल," मी म्हटलं.

"हे तिघं आधी आलेत."

"आज तसं नाहीये. आज आपल्याला वाट आहे."

"फलकावर लिहिलेलं नाही."

त्यानं ऑर्विलला हात दाखवला, जा. ऑर्विल दचकला आणि टोपीनंच खुणावलं, तू जा. मायलोनं बीमबाईला हात केला. बीमबाईनं दोन्ही हात जोडून तू जा केलं. पाववाल्यानं आमची पुढची प्लेट वाचली असावी, कारण त्यानं इंजिनच बंद केलं आणि एक पाव उघडला.

दूर शववाहिका टेकडी चढून दिसेनाशी झाली. आई एकटीच पुढे गेली.

मागून दार आपटल्याचा आवाज आला. मामा धावत आला.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही," मायलो म्हणाला. "त्यांची पाळी आहे."

"अरे पाळी काय पाळी! तुझी आई चालली तिकडे!"

"ओरडू नकोस, मामा. चालवताना माझ्यावर ओरडायचं नाही."

"चालवतोयस कुठे तू!"

मी खाली उतरले. म्हटलं, तिघांपैकी एकेकाला चौकातून घालवून द्यावं म्हणजे प्रश्न मिटेल. आधी ऑर्विलकडे गेले.

"ऑर्विलकाका, तुम्ही पुढे व्हा ना."

"अंत्ययात्रा कापून?" ऑर्विल म्हणाला. "पोरी, माझ्या बापानं एकदा कापली होती. त्या साली गारा पडल्या."

"तुम्ही गेल्याशिवाय तो हलणार नाही."

"मग बीमबाईला सांग. ती कॅथलिक आहे, तिला नंतर माफी मिळते."

बीमबाईनं काच खाली केली आणि आधी माझा हात धरून आईबद्दल सगळं चांगलं बोलून घेतलं. मग म्हणाली, "त्यावर काय लिहिलंय बघ. चालकाला वेळ द्या. तुझ्या आईनं एवढं भांडून मिळवलेली ओळ आहे ती. मी देतेय वेळ. मला संध्याकाळच्या बिंगोच्या खेळापर्यंत काही काम नाही."

"पण त्याला वेळ नकोय, बीमबाई."

"तो नको म्हणाला तरी द्यायचा. ऑर्विललाच धाड, त्याच्या बापानं केलंच आहे एकदा."

पाववाल्यानं मला पाव दिला. तो मी खाल्ला. आमच्यामागे गाड्यांची रांग चर्चपर्यंत गेली होती. सगळ्यांचे दिवे लागलेले, सगळ्यांचे जांभळे झेंडे फडफडताहेत. लोक उतरून एकमेकांना विचारत होते की काय झालं. पुढची बातमी मागे पोचेपर्यंत तिच्यात मायलोला हार्ट अटॅक आला होता.

मी ट्रकमध्ये परत येऊन बसले तेवढ्यात कब्रस्तानाच्या दिशेनं डेप्युटी प्रुइटची गाडी आली. व्हॉसलरनी फोन केला असणार: शवपेटी पोचली आहे, माणसं नाहीत. वरचे दिवे लावून प्रुइटनं गाडी कडेला घेतली.

मायलोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गेले. बोटं पांढरी पडली.

"मायलो," मी म्हटलं, "काही नाही होणार."

तो माझ्याकडे बघत नव्हता. श्वास घेतोय की नाही तेही कळत नव्हतं. मला वाटलं आता मला भीती वाटेल. मी वाट बघितली. फक्त तोंडात पावाची चव होती.

प्रुइट आमच्या ट्रकसमोर आला आणि थांबला. त्यानं प्लेट वाचली. छोटीशी ओळ आहे ती. त्यानं बराच वेळ वाचली. मग दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यापासून लांब धरून तिथूनच बोलला.

"मायलो, मी डेप्युटी प्रुइट. मी खिडकीपाशी येऊ का?"

मायलोनं उत्तर दिलं नाही. प्रुइट उभा राहिला. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पुढेही आला नाही. मागे मामा काहीतरी बोलायला लागला तर प्रुइटनं त्याच्याकडे न बघताच तळहात वर केला.

"आई येईपर्यंत नाही," मायलो शेवटी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "ती पुढे गेलीये, सर."

"हो," प्रुइट म्हणाला. "मी तिथूनच आलो." त्यानं टोपी काढली, परत घातली. "मी इथेच थांबतो. तुझी अडचण काय आहे?"

"हे तिघं माझ्याआधी आलेत. जात नाहीयेत."

प्रुइटनं तिघांकडे बघितलं. ऑर्विल ट्रॅक्टरवर लहान झाला.

"चौकात पोलीस हात दाखवत असेल तर फलक बघायचा की पोलीस?" प्रुइटनं विचारलं.

"पोलीस," मायलो म्हणाला. "पुस्तकात आहे."

"मग माझ्याकडे बघ."

तो चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आधी ऑर्विलला बोलावलं. ऑर्विलनं आकाशाकडे बघत, टोपी न घालता, अंत्ययात्रा कापली. मग पावाची व्हॅन. मग बीमबाई, तिनं चौक ओलांडेपर्यंत छातीवर चार वेळा क्रूस काढला. मग प्रुइट आमच्याकडे वळला आणि हात हलवला. मायलोनं एकेक बोट सोडवलं, गिअर टाकला, आणि आम्ही निघालो.

आरशात मला दिसलं की मामाची ब्यूक आमच्या पाठोपाठ सुसाट निघाली आणि लगेच प्रुइटनं तिला अडवलं. पुढचं काही दिसलं नाही. ते बीमबाईनं कब्रस्तानात सांगितलं. हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या. झालं होतं असं की मामा रागानं उतरला तेव्हा त्याचा झेंडा खिडकीतून रस्त्यावर पडला होता. झेंडा नाही म्हणजे अंत्ययात्रेत नाही, आणि फलकापाशी थांबला नाही म्हणजे गुन्हा.

"तो म्हणतोय, ती माझी बहीण आहे," बीमबाई म्हणाली. "आणि प्रुइट म्हणतोय, झेंडा कुठाय? तर हा, बाई गं, खाली वाकून सीटखाली शोधायला लागला. तसा प्रुइटचा हात गेला की पट्ट्याकडे! केवढ्यांदा ओरडला, हात स्टिअरिंगवर! हात स्टिअरिंगवर ठेवा! तुझ्या मामाचा चेहरा असा झाला होता, आमच्या गोठ्याच्या भिंतीसारखा."

"मग?"

"मग काय, झेंडा मीच उचलून दिला."

मामाच्या गाडीवर पतंग नव्हता, हे मी म्हटलं नाही.

मामा सगळ्यात शेवटी आला. पाद्री बोलले, आईला खाली उतरवलं, मायलोनं आणि मी मूठभर माती टाकली. माती थंड आहे हे मला कळलं. लोक गाड्यांकडे वळले तसा मामा आमच्याकडे आला आणि हात पुढे केला. 

"किल्ली," तो म्हणाला. "काहीही झालं तर, असं ठरलं होतं."

"मामा, आज नको," मी म्हटलं.

पण मायलोनं खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ठरलं होतं. मग तो ट्रकपाशी गेला, कप्प्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि गुडघ्यांवर बसून पुढची प्लेट सोडवायला लागला.

"हे काय?" मामा म्हणाला.

"ही माझी आहे. दुसऱ्या कुणी ही लावून चालवायचं नाही. पाकिटातल्या कागदावर आहे."

"मग मी नेऊ कसा ट्रक? बिनप्लेटचा?"

"बिनप्लेटचा नेता येत नाही," मायलो म्हणाला. "पुस्तकात आहे."

फाटकापाशी प्रुइट उभा होता, गाड्या बाहेर काढून देत होता. मामानं त्याच्याकडे बघितलं. व्हॉसलर आले आणि म्हणाले, ट्रक लवकर हलवला तर बरं, गुरुवारी त्याच जागी दुसरे लोक येणार आहेत. मामा आईच्या खड्ड्याकडे बघत राहिला. मला वाटतं, तो तिलाच विचारत होता.

"फक्त घरापर्यंत," तो म्हणाला आणि किल्ली परत दिली.

मायलोनं प्लेट पुन्हा बसवली. चारही स्क्रू नीट आवळले. आम्ही चर्चच्या तळघरात जाऊन हॅमची सँडविचेस आणि हिरवी जेली खाल्ली. मामा सँडविच हातात धरून बसला होता, खात नव्हता. मग मायलोनं मला घरी आणलं. अंगणात ट्रक लावला, आत येऊन किल्ली टेबलावर मामाच्या समोर ठेवली आणि झोपायला गेला. पहाटे त्याची पाळी होती.

"उद्या बघू," मामा म्हणाला. कुणाला म्हणाला माहीत नाही, खोलीत मी होते.

सकाळी मी उठले तेव्हा टेबलावर किल्ली नव्हती. मामा कालच्याच कपड्यांत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा होता. बाहेर त्याची ब्यूक एकटीच होती.

"तू दिलीस?" मी विचारलं.

"त्यानं मागितली." मामा अजून बाहेरच बघत होता. "वळताना सिग्नल दिला त्यानं. रस्त्यावर कुणीसुद्धा नव्हतं."

मी कॉफी ठेवली आणि बटाट्याचा एक ट्रे गरम करायला घातला.